साखळीवर बंदी आली, पण औषध गावात पोहोचले का?

तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचे गाव आहे. तिथल्या दर्गाहवर मानसिक आजार बरा होतो, या श्रद्धेने लोक आपल्या माणसाला घेऊन दूरदूरहून येत असत. त्यातून दर्गाहच्या आसपास मनोरुग्णांना पैसे घेऊन ठेवणारी खासगी गृहे उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एका गृहाला आग लागली. छप्पर गवताचे आणि आतली माणसे साखळ्यांनी बांधलेली. आग दिसत होती, पण पळता येत नव्हते. २८ जणांचा जीव गेला.

या घटनेने देश हादरला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एरवाडीतली अशी गृहे बंद करण्यात आली आणि तिथल्या ५०० हून अधिक रुग्णांना सरकारने ताब्यात घेतले. पुढे २०१७ मध्ये संसदेने मानसिक आरोग्य सेवा कायदा केला आणि २९ मे २०१८ पासून तो लागू झाला. या कायद्याच्या कलम ९५ मध्ये स्पष्ट लिहिले आहे, की मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे, कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधता येणार नाही.

मग विषय संपला का? नाही. कायदा लागू होऊन वर्षही झाले नव्हते, तोच जानेवारी २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बदायूंचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले. तिथेही श्रद्धेच्या नावाने चालणाऱ्या एका ठिकाणी माणसे साखळीत होती. माणसाला असे बांधणे म्हणजे त्याच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले.

कागदावर बंदी असताना साखळी का राहते, हा खरा प्रश्न आहे. याचे सोपे उत्तर सगळे जण देतात, ते म्हणजे लोक अडाणी आहेत, अंधश्रद्धाळू आहेत. हे उत्तर अर्धवट आहे. पोटच्या मुलाला कोणतीही आई हौसेने बांधत नाही. रात्री तो घराबाहेर निघून जाईल, रेल्वे रुळावर जाईल, धाकट्या बहिणीला मारील, या भीतीने ती बांधते. तिला दुसरा कोणता मार्ग माहीत नाही, किंवा माहीत असला तरी तिच्या गावापासून तो खूप लांब आहे. कायद्याने साखळी काढायला सांगितली, पण साखळीच्या जागी जे यायला हवे होते ते अजून बहुतेक ठिकाणी आलेले नाही.

कायदा देतो काय?

आधी हे समजून घेऊ, कारण आपल्या बहुतेक घरांत याची माहितीच नाही.

ब्रिटिशांच्या काळात १९१२ चा वेडेपणाचा कायदा होता. त्याचा सगळा रोख 'वेड्याला' समाजापासून दूर ठेवण्यावर होता. १९८७ च्या कायद्याने भाषा सुधारली, पण लक्ष रुग्णालय आणि भरती यावरच राहिले. भारताने २००७ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला आणि त्यामुळे कायदा बदलणे भाग पडले. २०१७ च्या कायद्याने पहिल्यांदा सांगितले, की मानसिक उपचार मिळणे हा माणसाचा हक्क आहे आणि तो सरकारकडून मागता येतो.

कलम १८ तर प्रत्येक घराने वाचावे असे आहे. मानसिक उपचारांसाठी कोणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा राहत्या ठिकाणाजवळ मिळावी, असे त्यात आहे. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल, तर त्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या रुग्णालयात उपचार घेता येतात आणि त्याचा खर्च सरकारने द्यायचा आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला उपचार मोफत आहेत, मग त्याच्याकडे कार्ड असो वा नसो. बेघर आणि निराधारांनाही तसेच. मानसिक आजारांवरची आवश्यक औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत विनामूल्य आणि कायम उपलब्ध असली पाहिजेत.

याशिवाय प्रत्येक प्रौढ व्यक्ती आपला नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवू शकते. म्हणजे उद्या मी स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो, तर माझ्या वतीने कोणी बोलायचे हे मी आजच ठरवून ठेवायचे. त्यासाठी साधा कागद आणि सही किंवा अंगठा पुरतो. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हेही आधीच लिहून ठेवता येते.

आता सांगा, आपल्या मोहल्ल्यात किती जणांनी असा कागद केला आहे? किती जणांना हे माहीत आहे? कायद्यानेच सरकारवर प्रसाराची जबाबदारी टाकली आहे. टीव्ही, रेडिओ, वर्तमानपत्रे यांतून लोकांना हे कळवायचे होते. पल्स पोलिओची जाहिरात घराघरांत पोहोचली, मानसिक आरोग्याच्या हक्काची पोहोचली नाही.

डॉक्टर कुठे आहेत?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण म्हणून आपली स्थिती फार वेगळी असेल असे समजण्याचे कारण नाही.

देशात एक लाख लोकांमागे एकही पूर्ण मनोविकारतज्ज्ञ नाही. अनेक ठिकाणी दिला जाणारा आकडा ०.७५ चा आहे आणि निदान तीन तरी असावेत अशी अपेक्षा सांगितली जाते. जे आहेत तेही मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत. मानसोपचार परिचारिका, समुपदेशक, मनोविकार सामाजिक कार्यकर्ते यांची स्थिती तर त्याहून बिकट आहे.

महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चार आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. येरवड्याची मंजूर खाटांची संख्या २५४०, ठाण्याची १८५०, नागपूरची ९४० आणि रत्नागिरीची ३६५. चारही ब्रिटिश काळापासूनच्या व्यवस्थेचा वारसा आहेत. नकाशा समोर ठेवा, मराठवाडा आणि खानदेश रिकामे दिसतील. जालन्यात नवे मनोरुग्णालय उभारण्याचा निर्णय झालेला आहे, पण निर्णय आणि सुरू झालेला बाह्यरुग्ण विभाग यांत किती वर्षांचे अंतर असते हे आपल्याला ठाऊक आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यात पंचवीस वर्षांचा मुलगा आहे. गॅरेजमध्ये कामाला होता. सहा महिन्यांपासून झोपत नाही, एकटाच बोलतो, शेजारी आपल्याविरुद्ध कट करतात असे म्हणतो. अब्बा मजुरी करतात. पहिले कोणी तरी म्हणते, 'असर' आहे, बाहेरचे आहे. ताविज होतो, पाणी फुंकून होते. मग कोणी म्हणते डॉक्टरला दाखवा. ग्रामीण रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ नसतो. जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या दिवशी भेटतो. भरती करायची वेळ आली तर नागपूर, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मुलगा बसमध्ये बसायला तयार नाही. खासगी गाडी करायची तर पैसे नाहीत. सोबत दोन माणसे लागतात, म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडते. एवढे करून औषध सुरू झाले, तरी महिनाभराने ते संपते. ग्रामीण रुग्णालयात ते मिळत नाही. पुन्हा तोच प्रवास. दोन-तीन फेऱ्यांनंतर घर थकते, औषध बंद पडते आणि आजार उलटतो. मग शेजारीपाजारी म्हणतात, "बघा, दवाखान्याने काही फरक पडला नाही."

या घरावर तुम्ही अंधश्रद्धेचा शिक्का कसा माराल? या घराने दवाखाना करून पाहिला होता. दवाखाना त्यांच्यासोबत टिकला नाही.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून सुरू आहे आणि आज तो देशातल्या ७०० हून अधिक जिल्ह्यांत आहे. पण कार्यक्रम आहे म्हणजे माणसे आहेत असे नाही. कंत्राटी पदे, रिकाम्या जागा, वर्षाच्या शेवटी येणारा निधी ही सरकारी आरोग्य सेवेची जुनी दुखणी इथे जास्त जाणवतात. केंद्राच्या आरोग्य खर्चात मानसिक आरोग्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपासच राहिला आहे. कायदा हक्काची भाषा बोलतो, अंदाजपत्रक मात्र जुनेच हिशेब मांडते.

मंडळ नसेल तर दाद कोणाकडे?

या कायद्याचा कणा म्हणजे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. जिल्हा न्यायाधीश किंवा निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि दोन सदस्य असे, की जे स्वतः या आजारातून गेले आहेत, किंवा अशा माणसाची देखभाल करतात, किंवा या क्षेत्रातल्या संस्थेत काम करतात. कोणाला जबरदस्तीने रुग्णालयात ठेवले असेल, उपचारांत गैरवागणूक होत असेल, प्रतिनिधी बदलायचा असेल, तर या मंडळाकडे अर्ज करायचा. अर्जाला फी नाही.

रुग्णाच्या मर्जीविरुद्ध भरती करायची असेल तर कायद्याने पायऱ्या घालून दिल्या आहेत. प्रतिनिधीचा अर्ज हवा. एका मनोविकारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका तज्ज्ञाने किंवा डॉक्टरने स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. ही भरती ३० दिवसांपर्यंतच. भरती झालेली व्यक्ती स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत आणि इतरांची सात दिवसांत मंडळाला खबर द्यायची.

ही रचना चांगली आहे. नवऱ्याने बायकोला, किंवा भावाने जमिनीसाठी भावाला 'वेडा' ठरवून आत टाकायचे दिवस संपावेत म्हणूनच ती केली आहे. पण ज्या मंडळाला तीन दिवसांत खबर द्यायची, ते मंडळच बसत नसेल तर? कायदा लागू होऊन वर्षे उलटली तरी अनेक राज्यांत प्राधिकरणे आणि मंडळे नीट उभी नव्हती. महाराष्ट्रात मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. न्यायालयाने सरकारला वारंवार विचारले, प्राधिकरणाच्या बैठका किती झाल्या, निधी किती दिला, मंडळे कुठे आहेत. त्याच सुनावण्यांतून हेही पुढे आले, की चार मनोरुग्णालयांत दहा-दहा वर्षांहून जास्त काळ राहिलेले शेकडो रुग्ण आहेत आणि त्यातले अनेक जण घरी जाण्याइतके बरे आहेत.

ही गोष्ट जरा थांबून वाचा. माणूस बरा झाला आहे, डॉक्टर म्हणतात घेऊन जा, पण न्यायला कोणी येत नाही. भरतीच्या वेळी दिलेला पत्ता चुकीचा निघतो. भावांनी घर वाटून घेतलेले असते. नवऱ्याने दुसरा निकाह केलेला असतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला फटकारले, कारण बरे झालेले रुग्ण भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात होते. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने देशातल्या सर्व ४६ सरकारी मानसिक आरोग्य संस्थांची अवस्था अमानवी असल्याचे सांगून नोटिसा काढल्या. बरे झालेल्यांना बेकायदा ठेवून घेतल्याचा मुद्दा त्यातही होता.

कलम १९ सांगते, की प्रत्येकाला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि कुटुंब नसेल तर सरकारने निवाऱ्याची सोय करावी. अशी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. इथे चूक फक्त सरकारची नाही. कुलूप सरकारने लावले असेल, पण दार ठोठवायला न जाणारे आपणच आहोत.

दर्गाह, दुआ आणि कायदा

आता त्या विषयाकडे येऊ, ज्यावर आपल्यात उघडपणे फार बोलले जात नाही. बुलढाणा जिल्ह्यातली सैलानी बाबांची दर्गाह असो, गुजरातमधल्या उनावाची मीरा दातार दर्गाह असो, महाराष्ट्रातली हजारो कुटुंबे तिथे आपल्या आजारी माणसाला घेऊन जातात. त्यात मुसलमानांइतकेच हिंदूही असतात. काही जण हजेरी लावून परततात, काही जण महिनोनमहिने मुक्काम करतात.

कायद्याने दुआवर बंदी घातलेली नाही. उलट कोणाच्या धार्मिक श्रद्धा समाजापेक्षा वेगळ्या आहेत एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे कलम ३ मध्ये आहे. दर्गाहवर गेल्याने माणसाला आधार वाटतो, आईच्या जिवाला धीर येतो, आपल्यासारखे दुसरेही आहेत हे कळते. हे खोटे नाही. बंदी आहे ती बांधण्यावर, मारण्यावर, उपाशी ठेवण्यावर. महाराष्ट्रात तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसारही भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे, मारहाण करणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे.

अडचण आहे ती वेगळीच. मनोरुग्णांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने नोंदणी केली पाहिजे, मग ती अ‍ॅलोपॅथीची असो, आयुर्वेदाची वा युनानीची. नोंदणीशिवाय चालवली तर पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. पण जिथे रुग्ण आपल्या नातेवाइकांसोबत राहतो ती जागा यातून वगळलेली आहे. मग दर्गाहजवळची भाड्याची झोपडी, जिथे आई मुलासोबत राहते, ती काय? घरच, कायदा तिथे नोंदणी मागत नाही. आणि आई गावी परत गेली, महिन्याला पैसे पाठवू लागली, मुलगा त्या झोपडीवाल्याच्या ताब्यात राहिला, तर? मग ती संस्था झाली आणि नोंदणीशिवाय ती बेकायदा आहे. एरवाडीतही नेमके हेच होते. घरचे निघून गेले होते आणि माणसे पैसे घेणाऱ्याच्या ताब्यात उरली होती. ही सीमा कुठे ओलांडली जाते, हे पाहायला कोण जाते? आरोग्य खाते म्हणते हा धार्मिक विषय आहे. पोलीस म्हणतात तक्रार नाही. ट्रस्ट म्हणते झोपड्या आमच्या नाहीत.

छापा मारून सगळ्यांना हुसकावणे हाही उपाय नाही. एरवाडीनंतर गृहे बंद झाली, पण लोकांची गरज संपली नाही. जिथे सरकार आणि दर्गाहचे खादिम एकत्र बसले तिथे वेगळे घडले. मीरा दातार दर्गाहवर गुजरात सरकारच्या मदतीने 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. खादिम आधी आपली दुआ करतात आणि मग त्या माणसाला जवळच बसलेल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. औषध तिथेच मिळते. पुढे एरवाडीतही याच धर्तीचा प्रयत्न झाला. ज्या खादिमवर त्या घराचा विश्वास आहे, तोच "गोळ्या घे" म्हणाला तर ते घर ऐकते. महाराष्ट्रात सैलानीसारख्या ठिकाणी हे कायमस्वरूपी का होऊ नये? ही मागणी दर्गाहच्या विरोधातली नाही. दर्गाहवर येणाऱ्या गरीब माणसाच्या बाजूची आहे.

आणि उपचार घेणे हे श्रद्धेच्या विरुद्ध आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपला इतिहास आठवावा. दमास्कसमध्ये ११५४ मध्ये नुरुद्दीन झंगी यांनी, तर कैरोमध्ये १२८४ मध्ये सुलतान कलावून यांनी रुग्णालये उभारली. मनाच्या आजाराच्या लोकांवर तिथे वक्फच्या पैशातून उपचार होत असत. अबू झैद अल-बल्खी यांनी हजार वर्षांपूर्वी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला आणि चिंता, दुःख, भीती यांवर सविस्तर विचार केला. आजाराला आजार म्हणणे ही आपल्याकडची नवी गोष्ट नाही. मधल्या काळात आपण ती विसरलो.

बाईचे काय?

या सगळ्यात सर्वांत जास्त सोसते ती बाई. बाळंतपणानंतर उदास झालेली सून 'नाटकं करते' असे ठरते. मुलीला उपचार सुरू आहेत हे कळले तर स्थळे येणार नाहीत म्हणून औषध लपवले जाते. कधी आजार लपवून निकाह लावला जातो आणि महिन्याभरात मुलगी माहेरी परत येते. आणि कधी उलटे होते. नको असलेल्या बायकोला 'मेंटल' ठरवले, की तलाक देणे सोपे, मुले तोडणे सोपे.

कायदा इथे महत्त्वाचे सांगतो. एखाद्याला मानसिक आजार आहे, एवढ्यावरून तो माणूस 'वेडा' म्हणजे कायद्याच्या भाषेत विकल मनाचा ठरत नाही. ते फक्त न्यायालय ठरवू शकते. नैराश्याच्या गोळ्या घेणारी बाई आपल्या वाट्याची जमीन, मेहर, मुलांचा ताबा यावरचा हक्क गमावत नाही. नवऱ्याने किंवा दिराने कुठून तरी आणलेले सर्टिफिकेट हा शेवटचा शब्द नाही. या कायद्याखाली तिला मोफत कायदेशीर मदतीचाही हक्क आहे आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. वकील नाही म्हणून गप्प बसायचे कारण नाही.

पोलिसांची भीती

आत्महत्येचा प्रयत्न झालेला असतो आणि घरचे 'चुकून औषध प्याला' असे सांगतात. कारण काय? पोलीस केस होईल. पूर्वी ती होतही असे. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने सांगितले, की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच धरायचे आणि त्याला शिक्षा नाही, तर सरकारने उपचार आणि पुनर्वसन द्यायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने ३०९ कलम राहिलेच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. तरीही भीती कायम आहे, कारण अनेक पोलीस ठाण्यांत आणि दवाखान्यांत जुनीच सवय आहे.

पोलिसांवर या कायद्याने कामही टाकले आहे. रस्त्यावर भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस दिसला तर त्याला संरक्षणात घ्यायचे आणि २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे. लॉकअपमध्ये ठेवायचे नाही. घरात कोणी अशा माणसाचा छळ करत असेल, तर शेजाऱ्यानेही पोलिसांना कळवायचे आहे. पण यात एक धोका आहे. पोलीस येतील, साखळी काढतील, बापावर गुन्हा लावतील आणि जातील. दुसऱ्या दिवशी मुलगा तसाच, औषध नाही आणि बाप कोर्टात. शिक्षेचा हात गावापर्यंत पोहोचतो आणि उपचाराचा हात जिल्ह्यातच थांबतो, तेव्हा कायदा गरिबाला शत्रू वाटू लागतो. कायद्यापुढचे हे सर्वांत मोठे आव्हान आहे.

आपण काय करू शकतो?

सरकारला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा, की मानसिक आजाराची औषधे आहेत का, मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात. नाहीत असे उत्तर आले तर ते लेखी मागा. माहिती अधिकाराचा अर्ज करा. ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत विषय काढा. कलम १८ चा उल्लेख करून जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदन द्या. रस्ता आणि कब्रस्तानच्या जागेसाठी आपण निवेदने देतोच, एक यासाठीही द्या.

दुसरी, रात्रीअपरात्री घरात प्रसंग उभा राहिला तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक लावा. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे. फोन मोफत आहे, २४ तास आहे आणि मराठीतही बोलता येते. जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, त्यासाठी मनोविकारतज्ज्ञच हवा असे नाही. कोणी "हे आमचे काम नाही" म्हणाले तर कलम ९४ सांगा.

तिसरी, मशिदीच्या इमामांनी एखाद्या जुम्याच्या बयानात हा विषय घ्यावा. जमातीकडे झकात आणि सदक्याचा पैसा येतो. त्यातून मोतीबिंदूची शिबिरे होतात, डायलिसिसला मदत होते, ही चांगलीच गोष्ट आहे. त्याच पैशातून एखाद्या गरीब रुग्णाचा जिल्हा रुग्णालयापर्यंतचा महिन्याचा प्रवासखर्च देता येईल. औषध तुटू नये, एवढ्या एका गोष्टीने किती घरे वाचतील.

चौथी, दर्गाह कमिट्यांनी आणि वक्फच्या मुतवल्लींनी आपल्या आवारात आणि आसपास कोणी बांधलेले नाही ना, याची जबाबदारी घ्यावी. आठवड्यातून एक दिवस डॉक्टर बसवण्यासाठी आरोग्य खात्याला जागा द्यावी. बाहेरून कोणी येऊन छापा मारण्याआधी हे आपणच केलेले बरे.

पाचवी, आपले एखादे माणूस येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या रुग्णालयात राहून गेले असेल, तर चौकशी करा. तो चुलता, ती फूफी अजून तिथेच आहे का? डॉक्टर काय म्हणतात? घरी आणणे शक्य नसेल तर निदान भेटायला जा. ज्याला भेटायला कोणी येते त्याच्याकडे रुग्णालयही जास्त लक्ष देते.

कायद्याच्या कलम ३१ मध्ये एक मुदत आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात पुरेसे मानसिक आरोग्य तज्ज्ञ दहा वर्षांत उपलब्ध करण्याचा प्रयत्न सरकारने करायचा आहे. कायदा लागू झाला मे २०१८ मध्ये, म्हणजे ही मुदत मे २०२८ ला पूर्ण होते. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारा, की आमच्या तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ कधी बसणार? एरवाडीत गेलेल्या २८ माणसांच्या घरच्यांनीही त्यांना बरे करायलाच तिथे नेले होते. त्यांच्याही गावाजवळ तेव्हा दवाखाना असायला हवा होता.